अक्रोडाच्या ठोकळ्यापायी ४७,६६० रुपये गेले

एअर रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकवायचा लाकडी भाग, घरी घडवणाऱ्यांनो, ‘सीझन केलेलं (म्हणजे मुरवून वाळवलेलं) काश्मिरी अक्रोड’ असा मेसेज आला तर थांबा. माझे ४७,६६० रुपये गेलेत आणि लिहिताना अजून अंगाची लाही होते.

मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. क्लबच्या रायफलवर तिचा गाल नीट टेकत नाही, म्हणून ठाण्यातल्या घरी, गॅलरीत, रंधा-पटाशी घेऊन मीच दस्ता करायला बसलो. अक्रोड हवं होतं कारण ते कोरायला सोपं आणि वाळल्यावर फारसं पिळवटत नाही. इथल्या वखारींत सागवान, शिसव मिळालं, अक्रोड नाही. अशात तो मेसेज आला आणि मी फसलो.

ठोकळ्याचे १४,५०० आगाऊ. मग ‘परत मिळणारा’ विमा २,३६०. मग वनखात्याचा वाहतूक पास, ९,८००. यावर नातेवाईक मला वेड्यात काढतात. अहो, जम्मू-काश्मीरमध्ये १९६९ च्या कायद्याने अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. मला हे माहीत होतं, म्हणूनच पास खरा वाटला!

खरी खूण कुरियरच्या पावतीवर होती. वजन: २ किलो. ठोकळा ३२ इंच लांब, ८ इंच रुंद, अडीच इंच जाड. वाळलेलं अक्रोड त्या मापात साडेसहा किलोच्या आसपास भरायला हवं. हे गणित मी लाकूड घेताना दरवेळी करतो, ओलं लाकूड त्यावरूनच पकडतो. पावती हातात होती, आणि मी बघत बसलो ट्रॅकिंग नंबर. तो दोनाचा आकडा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मापं आणि वजन जुळवल्याशिवाय पुढचा रुपया देऊ नका.

चौथा फोन ‘पोलिसां’चा. पार्सलमध्ये रायफलचा भाग सापडला, आर्म्स ॲक्ट लागेल, सोडवायचे २१,०००. खऱ्या बंदुकीचे सुटे भागही कायद्याने शस्त्रात मोडतात, त्यात मुलीचं नाव निघालं. कुठला बाप घाबरणार नाही? पण पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत, कधीच नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच रात्री फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘रायफल’ शब्द ऐकून मलाच उलटतपासणी: परवाना दाखवा! छर्ऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आत असलेल्या ४.५ मिमी एअर रायफलला परवाना लागत नाही, हे २०१६ च्या शस्त्र नियमांची प्रत उघडून मी त्यांना समजावतोय. चोर बाजूलाच. मग म्हणे आरोपी बाहेरच्या राज्यातला, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवावाच लागतो. तरी साधा अर्ज घेऊन शिक्का मारला. बँकेने एका ओळीत हात झटकले: पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे धाक दाखवून टाकायला लावलेला पिन ही माझी मर्जी? आणि ज्या खात्यात पैसे गेले, ते खातं कुणी कसं उघडून दिलं, हे विचारलं की सगळे गप्प.

तुमच्याबाबतीत झालं तर आधी १९३०, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या नंतर. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे गोठवता येतात. चॅट डिलीट करू नका.

तोच ठोकळ्याचा फोटो दुसऱ्या नंबरवरून अजून फिरतोय. डाव्या टोकाला काळी गाठ, शेजारी पिवळा मेजरटेप.