आफ्रिकेचा खनिज नकाशा: घ्या, पण युरेनियमचे ठिपके नीट बघून

पणजीत पुस्तकांच्या दुकानातून हा भिंतीवरचा मोठा नकाशा घेतला, साडेचारशे रुपये, लॅमिनेशन एक नंबर, डिचोलीच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते तरी अजून बुरशी नाही. अकरावी-बारावीला भूगोल शिकवते म्हणून मी आधी युरेनियमच शोधलं.

नामिबियाचा भाग खरंच सुंदर केलाय, स्वाकोपमुंडच्या मागच्या वाळवंटात रॉसिंग, हुसाब, लँगर हाइनरिच तिन्ही खाणी दिसतात. रॉसिंग १९७६ पासून चालू आहे आणि तिथल्या टनभर दगडातून युरेनियम निघतं साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे उरलेला दगड नि गाळ तिथेच साठत जातो. मुलांना नकाशापुढे उभं करून हे सांगितलं की लगेच कळतं, कारण आमच्याकडची पोरं खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग, म्हणजे डंप, बघतच मोठी झालीत.

माझी तक्रार एकच आणि ती मोठी आहे. चालू असो की बंद, सगळ्या खाणींना एकच पिवळा ठिपका. नायजरमधली अकूता २०२१ ला बंद झाली, तिथे सुमारे २ कोटी टन किरणोत्सारी गाळ पडून आहे, गॅबॉनची मुनाना १९९९ ला संपली, काँगोतली शिंकोलोब्वे, जिथलं युरेनियम अमेरिकेच्या पहिल्या अणुबाँबसाठी गेलं, तीही अधिकृतपणे बंदच, आणि यांच्या शेजारी रॉसिंग अगदी तस्साच ठिपका! आपल्याकडे गोव्यात २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केली, ट्रक थांबले, पण पाण्याने भरलेले खड्डे कुठे गेले? आणि ते तर लोखंडाचे, युरेनियमच्या गाळातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येत राहतो, धूळ वाऱ्याने उडते, त्याची राखण खाण संपल्यावरही करावीच लागते. बंद खाणीला वेगळी खूण हवीच हवी.

मुनानाजवळचं ओक्लो तर दिलेलंच नाही. १९७२ ला तिथे कळलं की जवळपास २०० कोटी वर्षांपूर्वी जमिनीतच आपोआप अणुभट्टी चालली होती, एवढी भारी जागा वगळायची म्हणजे काय!

प्रकाशकांना मेल केलाय. पाचपैकी साडेतीन. घेताना नळीत गुंडाळलेला मागा, घडीवाल्याची रेघ बरोबर काँगोवरून जाते आणि तिथली नावं वाचता येत नाहीत.