वाघोराची दरी की पितळखोऱ्याची घळ?

रबरी होडीतूनच दरी उतरायची असेल तर रायगडातलं कोलाड गाठा. तिथे धरणातून पाणी सोडतात, म्हणून कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं. आपल्या मराठवाड्यातल्या डोंगरी नद्या चार महिने पाणी दाखवतात आणि आठ महिने दगड. पण कोरड्या मुलखात पाण्याने कातळ कसा कापला आणि त्या दरीत काय उगवतं, काय वावरतं हे पाहायचं असेल, तर सातमाळ्याच्या रांगेत दोन जागा आहेत: अजिंठ्याची वाघोरा नदी आणि गौताळा अभयारण्याच्या कडेचं, लेण्यांचंच पितळखोरे. एकीला सिल्लोडचा रस्ता, दुसरीला कन्नडचा. एका दिवसात दोन्ही उरकायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल.

दगड दोन्हीकडे एकच, लाव्हाचे थरावर थर. विहीर खणणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर घट्ट काळा पाषाण, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा मऊ दगड, मध्येच गेरूची पट्टी. मांजऱ्या लवकर झिजतो, वरचा काळा पाषाण अधांतरी राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. म्हणून कडा उभा राहतो आणि पायथ्याशी कुंड तयार होतं. वाघोरा सातकुंडातून अशीच टप्प्याटप्प्याने उडी घेत येते आणि घोड्याच्या नालासारखं वळण घेते. तिथला कडा सुमारे ७५ मीटर उंच आहे. हे वळण लेण्यांसमोर उभं राहून कळत नाही. पलीकडच्या व्ह्यू पॉइंटवरून एका नजरेत येतं. पितळखोऱ्याचा खडक त्या मानाने ठिसूळ. पाणी मुरून लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले आहेत. शिल्पांचं नुकसान झालं खरं, पण दरी कशी बनते हे शिकायला ही पडझड फार बोलकी आहे.

पाण्यासाठी जायचं तर दोन्हीकडे ऑगस्ट-सप्टेंबर, तेही चांगला पाऊस झाल्यावर. ऑक्टोबर सरला की डबकी उरतात.

झाडांच्या बाबतीत मात्र गौताळ्याचा परिसर सरळ पुढे आहे. सालई, धावडा, खैर, मोह, पळस आणि आमच्या मते पाहायलाच हवा असा अंजन. अंजनाचं पान हातात घेऊन बघा: देठाशी जुळलेली दोन दलं, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. कोवळी पालवी तांबूस असते. सालई उन्हाळ्यात निष्पर्ण होते. खोडावरची साल कागदासारखी सुटते आणि डिंकाला धुपाचा वास येतो. अजिंठ्यातही सालई, पळस दिसतात, पण तुम्ही फरसबंद वाटेवर असता, झाडाला हात लागत नाही. फुलांसाठी फेब्रुवारी-मार्च धरा.

प्राण्यांबद्दल भाबडी आशा नको. दिवसा खात्रीने भेटतात ती वानरं आणि ऐकू येतो तो मोर. गौताळ्यात सकाळी नीलगाय दिसू शकते. बिबट्या आणि अस्वल आहेत, दिसतीलच असं नाही. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ गौताळ्यातल्या कॅमेऱ्यात सापडला होता, पण म्हणून व्याघ्रदर्शनाचा बेत आखू नका. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली मुळीच रेंगाळू नका. फुलं रात्री-पहाटे गळतात आणि ती वेचायला अस्वलही येतं.

अजिंठ्यात धोका वेगळा, आग्या मोहोळाचा. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं टाळा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-डोकं कापडाने झाका आणि गाडीत किंवा बंद जागेत शिरेपर्यंत पळा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा लगेच नखाने खरवडून काढा.

ओढ्याच्या पात्रात उतरणाऱ्यांनी दोन्हीकडे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर पठारावर माती पातळ, खाली कातळ. पाणी मुरत नाही, थेट धावतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहू लागला की सामान सोडून काठ गाठा.

म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर अजिंठा. खाजगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवून पुढे बसने जायचं असतं. सोमवारी लेणी बंद. डबा उघडा हातात धरलात तर वानर तो नेणारच. झाडं ओळखायची असतील, गर्दी नको असेल आणि गुडघे शाबूत असतील तर पितळखोरे. पायऱ्या उतरताना काही वाटत नाही, दुपारच्या उन्हात चढताना माणशी तीन लिटर पाणीही पुरत नाही, आणि खाली विकत काही मिळेल हे धरून चालू नका. पावसाळ्यात पुढे चाळीसगावकडे उतरायचं असेल तर कन्नड घाटाची चौकशी आधी करा. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तिथे दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली होती.