डिब्बुकीमचा यिडिश मेटल अल्बम: काही महिन्यांच्या ऐकण्यानंतर

डिब्बुकीम या स्वीडिश बँडचा २०११ सालचा ‘अझ अ फोयगल उन अ गोयलेम टांत्सन’ हा अल्बम गेले काही महिने मी नियमित ऐकत आहे. त्याविषयी लिहिण्याचे ठरवले ते मात्र संगीतामुळे नव्हे, तर परदेशी विक्रेत्याशी झालेल्या वादामुळे. सीडीच्या किमतीइतकाच टपालखर्च आणि त्यावर सीमाशुल्क भरून मागवलेल्या डबीतले, तबकडी मधोमध धरून ठेवणारे दाते तुटलेले होते आणि वाटेत घासून घासून तबकडीच्या बाहेरच्या कडेला चरे पडले होते. सीडी आतून बाहेर वाचली जात असल्याने त्याचा फटका नेमका शेवटच्या गाण्याला बसला. विक्रेत्याने छायाचित्रे मागवली, ती मिळाल्यावर आणखी मागवली आणि अखेरीस पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. खराब माल विकणाऱ्याकडूनच पुन्हा माल घ्यावा, ही अपेक्षा मला मान्य नाही.

यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेतली, लोकगीते आणि हेवी मेटल ही जोडी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कृती वाटते, पण स्वरांच्या दृष्टीने ती मुळीच ओढूनताणून जुळवलेली नाही. पूर्व युरोपातील ज्यू संगीतात ‘फ्रेगिश’ नावाची स्वरपंक्ती सर्रास आढळते. तिच्यात ऋषभ, धैवत आणि निषाद कोमल, तर गंधार शुद्ध. म्हणजे आपल्याकडच्या बसंतमुखारीचेच स्वर. मेटलच्या गिटारवादकांनाही कोमल ऋषभावरून शुद्ध गंधारावर घेतलेली ती लांब उडी फार प्रिय आहे. त्यामुळे गिटारचा खरखरीत आवाज या चालींवर परका वाटत नाही. ऑर्फन्ड लँड या इस्रायली बँडने मेटलमध्ये मध्यपूर्वेचे सूर आणले. डिब्बुकीमच्या गाण्यांचा मुलूख मात्र युक्रेन, पोलंड आणि लिथुआनियाचा आहे.

बँडच्या नावालाही या परंपरेचा संदर्भ आहे. डिब्बुक म्हणजे जिवंत माणसाच्या अंगात शिरणारा मृताचा आत्मा. या विषयावरचे प्रसिद्ध नाटक लिहिणाऱ्या एस. आन्स्की यांनीच १९१२ ते १९१४ या काळात आजच्या युक्रेनमधील व्होलिन आणि पोडोलिया या प्रांतांत फिरून ज्यू लोकगीते मेणाच्या सिलिंडरांवर ध्वनिमुद्रित करवून घेतली. त्याआधी १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये गिन्सबुर्ग आणि मारेक या अभ्यासकांनी ३७६ यिडिश गीतांचा संग्रह छापला होता. नंतर कीवमध्ये मोशे बेरेगोव्स्की या संगीत-संशोधकांनी या चालींचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि स्टालिनच्या राजवटीत तुरुंगवासही भोगला. स्वीडनने यिडिशला राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषेचा दर्जा दिलेला आहे, त्यामुळे असा अल्बम तिथून यावा यात नवल नाही.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो: बास ड्रम. मेटलमध्ये दोन पेडलांनी वाजणारा हा ड्रम नुसता घुमत नाही, तर टंकलेखन यंत्रासारखा टकटकतो. घुमारा साठ ते ऐंशी हर्ट्झच्या आसपास असतो आणि इक्वलायझरवर तो कमी करता येतो. तो मी केलाही. पण टकटक असते दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आणि यिडिशमधील ‘ख’, ‘त्स’, ‘श’ ही व्यंजनेही बव्हंशी त्याच भागात ऐकू येतात. टकटक कापावी तर गायकाचे शब्द बोथट होतात आणि ठेवावी तर शब्द झाकले जातात. दुसरा दोष लयीचा आहे. बुल्गार या पूर्व युरोपातील ज्यू नाचाच्या चालीत आठ मात्रांची विभागणी तीन-तीन-दोन अशी होते आणि तिचा सगळा डौल मधल्या मोकळ्या जागांवर अवलंबून असतो. एकसारख्या ठोक्यांनी त्या जागा भरून टाकल्या की नाचणाऱ्याने पाय उचलायचा कुठे? मेणाच्या सिलिंडरांवर खालचे सूर फारसे उतरत नसत आणि जुनी मुद्रणे ऐकून माझ्या कानाला त्या उणेपणाची सवय झाली आहे, हेही खरे. तरीही माझी तक्रार कायम आहे.

मत बदलले ते गायनाबाबत. सुरुवातीला पुरुषाचा घोगरा, गुरगुरणारा आवाज हेच या अल्बमचे आकर्षण वाटत होते आणि स्त्रीचा स्वच्छ आवाज काहीसा सौम्य, अगदी बेतास बात. आता नेमके उलटे झाले आहे. गुरगुर चार-सहा वेळा ऐकल्यावर अपेक्षित वाटू लागते, तर तो स्वच्छ आवाज चालीतली वळणे जपतो आणि मूळ गीत कसे असेल याचा अंदाज देतो. आता मी अल्बम लावतो तो त्याच्यासाठीच.

लोकगीतांची आवड असलेल्यांनी तो जरूर ऐकावा, मात्र डिजिटल स्वरूपात. तबकडीसाठी सीमाशुल्क भरण्यात शहाणपण नाही. माझ्या प्रतीतले शेवटचे गाणे आजही अडखळते आणि सवलतीचे ते कूपन मी वापरलेले नाही. उद्या कोणी बास ड्रमची टकटक निम्म्यावर आणून हाच अल्बम पुन्हा मिक्स केला, तर मात्र टपालखर्चासकट पैसे मोजायला मी तयार आहे, फक्त विक्रेता दुसरा हवा.