नेपाळच्या व्हिसाचे साडेनऊ हजार

परदेशात सेवा आणि मग पगाराची नोकरी देतो म्हणणाऱ्या एका संस्थेनं मला फसवलं, त्यात एकूण १,०२,२०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण गावात तो दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत फिरतोय आणि भेटेल तो मला नव्यानं विचारतोय.

मी निपाणी भागातली, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातली. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एमए, केलंय. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेच्या पाण्यानं यमगर्णीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा आम्ही एनएसएसच्या पोरी चपात्या, चादरी, औषधं गोळा करत फिरलो. पुढं हेच काम करायचं हे तेव्हाच डोक्यात बसलं. पण त्यात पगाराची नोकरी शोधायची म्हणजे काय, हे सीमाभागातल्या पोरांना विचारा. इकडं कर्नाटकात कन्नडची परीक्षा, तिकडं महाराष्ट्रात त्यांनी दावा सांगितलेल्या ८६५ गावांतले असल्याचा दाखला, आणि संस्था म्हणतात अनुभव आणा. अनुभव घ्यायला गेलं की तो बिनपगारी! अशा वेळी कुणी म्हणालं, आधी थोडं फिरा, सेवा करा, मग कायमची पगारी जागा, तर ते ऐकणारी पोरगी बावळट असते असं मला अजूनही वाटत नाही.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. फुकट सेमिनार, व्हॉट्सॲप ग्रुप, ग्रुपात ‘आज नैरोबीला पोचलो’ म्हणून फोटो टाकणारे, झूमवर मुलाखत, मोजक्याच जागा. ऑफिस कोल्हापुरात. भिंतीवर निळा लोगो, युनोच्या लोगोचा सख्खा भाऊ. तिथल्या मॅडमनी माझे पुरातले फोटो आधीच बघून ठेवलेले. “अशीच मुलगी हवी होती बाळ आम्हाला.” फोटो फेसबुकवर सगळ्यांना उघडे होते, त्यात काय मोठं शोधकाम! आमचं पीस कॉर्प्सशी, म्हणजे अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेशी, टाय-अप आहे, असंही त्यांनी सांगितलं. पीस कॉर्प्स फक्त अमेरिकेच्या नागरिकांना घेते. शोधायला एक मिनिट लागतं, ते तुम्ही तरी घालवा.

बेत असा होता: आधी नेपाळ, २०१५ च्या भूकंपात पडलेल्या शाळांचं काम. मग केनिया. मग पगार.

नोंदणी २,५०० रुपये. ट्रेनिंग १८,०००, हॉटेलच्या हॉलमध्ये, जेवणासकट. त्यात एका सरांनी काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवलं. विमा ७,२००. नेपाळचा व्हिसा आणि सेवा परवाना ९,५००. केनियाच्या जागेसाठी ‘परत मिळणारी’ अनामत ६५,०००. तिच्यासाठी आईच्या पाटल्या सोसायटीत तारण पडल्या, त्या अजून तिथंच आहेत.

आता तो व्हिसा. भारतीय माणसाला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. भारत-नेपाळ करार १९५० चा, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. आमच्या गल्लीतली चार म्हातारी माणसं पशुपतिनाथाला जाऊन आली, त्यांच्याकडून यात्रा कंपनीनं व्हिसाचा एक रुपया घेतला नव्हता. आणि मी एमएसडब्ल्यू झालेली बाई, ‘व्हिसा प्रोसेसिंग’ असं लिहिलेली पावती वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. विचारलं नाही असं नाही. विचारलं. मॅडम मोबाइलवरून मान वर न करता म्हणाल्या, “टुरिस्टला लागत नाही गं, व्हॉलंटिअरला लागतो.” झालं. रात्री झोपताना ते वाक्य आठवतं आणि मी उठून बसते.

पण २०२१ मध्ये कोरोना रिपोर्ट नाही म्हणून राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या मागं फिरवताना आम्ही पाहिल्यात. कागलहून स्वतःच्या घरी यायला कागद लागतो, तर काठमांडूला का नाही लागणार? हद्द आली की कागद आणि कागद आला की पैसे, यात आम्हाला वावगं वाटतच नाही.

आणखी एक: अनामतीचे पैसे संस्थेच्या खात्यावर घेतलेच नाहीत, ‘ट्रस्टी’च्या वैयक्तिक यूपीआयवर घेतले. असं कुणी सांगितलं की तिथूनच उठा. चहासुद्धा पिऊ नका.

तारीख पुढं जात राहिली. दरम्यान तरुण मंडळानं स्टँडवर माझ्या फोटोचा डिजिटल बोर्ड लावला, ‘गावची लेक निघाली आफ्रिकेला’. ग्रुप बंद झाला, ऑफिसला कुलूप लागलं, तरी बोर्ड तसाच. शेवटी वडिलांनी रात्री जाऊन काढला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे गेल्या-गेल्या फोन केला तर समोरचं खातं गोठवता येतं. मला पैसे गेलेत हेच उशिरा कळलं. तक्रारीचा एक नंबर मिळाला, बाकी काही नाही. बँकेत साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. इकडच्या ठाण्यात म्हणाले, ऑफिस कोल्हापुरात, तिकडं जा. तिकडं म्हणाले, तुम्ही कर्नाटकातल्या, पैसे तिकडून पाठवले, तिकडं जा. परत इकडं, तर ठाण्यातला रायटर (लिहून घेणारा पोलीस) म्हणतो अर्ज कन्नडमध्ये आणा. आणला, तर “साहेब इल्ला, नाळे बर्री.” (साहेब नाहीत, उद्या या.) महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, पण माझ्या पैशांवर दोन्ही राज्यांचं एकमत आहे: आमच्या हद्दीत येत नाही! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता तक्रार घ्यावीच लागते, झीरो एफआयआर. त्याची प्रिंट काढून नेली. साहेबांनी ती शांतपणे वाचली, मला परत दिली आणि म्हणाले, “सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही स्वखुशीनं दिलेत.” एका सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, ती ‘स्वयंसेवा ही नोकरी नव्हे’ म्हणून बंद केली. म्हणजे फसवणाऱ्यानंही शब्द विचार करूनच निवडला होता म्हणायचं.

युनो भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाही. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला लागतो आणि त्याचं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्याच्यावर नाही. एनजीओ दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलचा नंबर दाखवला म्हणून भुलू नका, तो नुसता नोंदणीचा नंबर, चारित्र्याचा दाखला नाही. स्टेट बँकेच्या यूथ फॉर इंडिया फेलोशिपमध्ये तेरा महिने खेड्यात काम असतं आणि मानधन तेच देतात. खरं काम देणारे आधी तुमच्याकडून घाम मागतात. चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावर मे महिन्यात श्रमाची छावणी भरते, तिथं एकदा जाऊन या, अंगाला झेपतंय का तेही कळेल.

त्याच मॅडम आता वेगळ्या नावानं सेमिनार घेतात असं कानावर आलंय. तुमच्याकडं त्यांच्या पावत्या असतील तर चॅट डिलीट करू नका, यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि माझ्यासोबत ठाण्यात चला. एकटीचा अर्ज टेबलाखाली जातो. अर्ज मात्र कन्नडमध्ये टाइप करून आणा. स्टँडजवळचा टायपिस्ट ३०० रुपये घेतो, २०० ला तयार होतो.