पाण्याचं रॉकेट की थर्माकोलचं ग्लायडर?

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून उन्हाळी शिबिरातली उड्डाणं सकाळीच उरकावीत. रॉकेटला २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, घट्ट बूच आणि सायकलचा पंप पुरतो. बाटली एक तृतीयांश भरायची. दाबलेली हवा पाणी खाली ढकलते, बाटली वर झेपावते. पोरं जाम खूश! पण दर खेपेला अर्ध्या लिटरच्या वर पाणी मातीत. टँकरवर जगणाऱ्या गावात हे पटत नाही.

मला ग्लायडर, म्हणजे हातानं फेकायचं बिनइंजिनाचं विमान, उजवं वाटतं. नाकाला चिखलाचा गोळा लावला की गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा तोल साधणारा बिंदू, पुढं सरकतो. जास्त झाला तर सरळ जमिनीत, कमी पडला तर आधी वर उचलतं, मग गटांगळी. किती लावायचा, हे पोरंच शोधतात. वारा सुटला की मात्र बाभळीवर चढायची तयारी ठेवा.