मॅकार्डलवाल्यांसाठीचा व्यायाम कार्यक्रम: बारा आठवड्यांनंतर

मला मॅकार्डल हा स्नायूंचा आजार आहे. स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, फोडणारं एन्झाइमच जन्मापासून नाही. पीवायजीएम जनुकातला दोष आई आणि बाबा, दोघांकडून आला. शाळेत खेळाच्या तासाला पहिल्याच मिनिटात मांड्यांत गोळे यायचे आणि बाई म्हणायच्या, "अंगचोर कुठली!" तेव्हापासून व्यायामाची धास्तीच बसली होती. खास या आजारासाठी आखलेला बारा आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम परवा पुरा केला, म्हणून लिहितेय.

इथे "अजून थोडं, अजून थोडं" असं कुणी म्हणत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. पहिले तीन आठवडे नुसतं सपाटीवर चालणं. पहिली दहा मिनिटं तर अगदी रमतगमत. पाय भरून आले की थांबायचं, रेटायचं नाही. सुरुवातीला घड्याळात ठोके १३२ वर जायचे, आणि आठव्या-नवव्या मिनिटाला, चाल तीच असताना, आपोआप ११० वर यायचे. पाय एकदम हलके! यकृतातली साखर आणि चरबी रक्तातून स्नायूंपर्यंत पोचायला लागते, ती ही वेळ. 'सेकंड विंड' हा शब्द कितीतरी वर्षं माहीत होता, पण तो असा मनगटावर पाहिला तेव्हा मला रडू आलं.

व्यायामाच्या पाचेक मिनिटं आधी साखरपाणी का घ्यायचं, आणि वजन वाढतं म्हणून ते उठसूट का नाही, हेही कार्यक्रम घेणाऱ्या ताईंनी नीट समजावलं.

तक्रार एकच, पण मोठी. सातव्या आठवड्याच्या व्हिडिओत भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं आहे. असा एकाच जागी धरून ठेवलेला जोर आमच्यासाठी घातक. मी चाळीस सेकंद धरलं. मांडी दगडासारखी आवळली, आणि संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी. स्नायू तुटले की मूत्रपिंडांवर बेततं, म्हणून रात्रीच दवाखाना गाठला. दोन दिवस सलाईन. कळवल्यावर ताईंनी चूक मान्य केली, पण जुन्या लिंकवर तो व्हिडिओ अजून दिसतो. तो काढायलाच हवा. तोवर तुम्ही तो भाग सोडा.

आणि नाव नोंदवताना आपला नेहमीचा सीके (क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या एन्झाइमचा आकडा) लिहून द्या. आमचा बसल्या जागीही वाढलेलाच असतो. माझा आकडा नोंदलेला होता, म्हणून त्या रात्री डॉक्टरांना तो किती चढलाय ते लगेच कळलं.

पुढच्या तुकडीत मी पुन्हा नाव घातलंय.