चमकणाऱ्या बॅक्टेरियाचं किट मागवताय? आमचे ४९०० रुपये गेलेत, आधी हे वाचा

आम्ही नेरूळला राहतो, लेक नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला अंधारात स्वतःहून चमकणारे बॅक्टेरिया वाढवायचे होते. विषय खरंच भारी आहे. समुद्रात ॲलिव्हिब्रिओ फिशेराय नावाचे जंतू असतात, ते सुटेसुटे असताना चमकत नाहीत, पुरेशी गर्दी झाली की मगच सगळे मिळून निळसर उजेड देतात. लेकीला तेच दाखवायचं होतं.

ऑनलाइन एका पेजवर किट दिसलं, ३४०० रुपये. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं, माणूस इतका गोड बोलायचा, ताई ताई करत सगळं समजावून सांगायचा. पैसे भरल्यावर म्हणाला की जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, बर्फात पाठवावं लागतं, त्याच्या डब्याचं डिपॉझिट १५०० भरा, डबा परत आला की लगेच परत करतो. भरले. तिथेच थांबायला हवं होतं मी.

पार्सल ऑक्टोबरच्या उकाड्यात पाच दिवसांनी आलं, साध्या कुरियरने, बर्फ नाही की डबा नाही, नुसत्या बबल रॅपमध्ये एक बाटली आणि दोन प्लेट. सोबत चिठ्ठी, 'वापरण्याआधी दहा मिनिटं ट्यूबलाइटखाली ठेवून ॲक्टिव्हेट करा.' केलं तसं, लाइट बंद केला तर झगझगीत हिरवं! लेक नाचायलाच लागली. पण तासाभरात मंद झालं, परत ट्यूबखाली धरलं की परत चमकायचं, आणि चार दिवस झाले तरी प्लेटमध्ये वाढ काहीच नाही.

तिच्या सायन्सच्या मॅडमनी बघितल्याबरोबर सांगितलं, हे जिवंत नाहीच. खऱ्या जंतूंना आधी उजेड दाखवावा लागत नाही, त्यांना लागतो ऑक्सिजन, म्हणून बाटली हलवली की उजेड वाढतो. आम्ही घरी येऊन बाटली पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवली, एवढ्यात हे जंतू मरायलाच हवेत, मग टॉर्च मारला तर तेवढीच हिरवी चमकली. म्हणजे रेडियमच्या स्टिकरमध्ये असते तसली पावडर, जेलमध्ये कालवलेली.

त्याला विचारलं तर म्हणे तुम्हीच गरम जागी ठेवून मारलं असेल. दुसऱ्या दिवशी ब्लॉक. नऊ दिवसांनी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, फार उशीर झाला होता, तुम्ही त्याच दिवशी करा, पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार टाकलीये.

कुणाकडूनही घेताना आधी स्ट्रेनचा, म्हणजे जंतूंच्या नेमक्या वाणाचा नंबर मागा. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेत एनसीआयएम आहे, चंदीगडला एमटीसीसी आहे, हे जंतूंचे संग्रह, तिथल्या प्रत्येक कल्चरला नंबर असतो. हा माणूस नंबर विचारला की विषयच बदलायचा, ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

लेकीचा हिरमोड बघवेना म्हणून मग बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून ताजा माकुळ (स्क्विड) आणला, त्याच्या अंगावर असे जंतू असतात म्हणून न धुता, लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात अर्धा बुडवला, वर सैल झाकण, आणि एसी २० वर ठेवून बेडरूम अंधारी केली. वास सहन करावा लागतो हे खरं. दुसऱ्या रात्री दहा मिनिटं काळोखात बसलो, डोळे सरावले आणि माकुळाच्या कडेला बारीक निळे ठिपके दिसले, कुठलाही टॉर्च न मारता. लेक हळूच म्हणाली, "आई, हे खरे आहेत." (तो माकुळ खायचा नाही हं, हातमोजे घाला, नंतर भांडं ब्लीचने धुवा.)

आमचे पैसे अजून आलेले नाहीत. त्या पेजने दोनदा नाव बदललंय, फोटो मात्र तोच आहे, काचेच्या गोल प्लेटमध्ये काढलेलं निळं झाड.